300 एमबीसाठी पाऊण तास

"अपडेट फक्त 300 एमबीचा, नेटही जोरात, मग गेम सुरू व्हायला पाऊण तास का?" तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. ओळखीपाळखीत गेम इन्स्टॉल करून देणारा मीच, त्यामुळे हा प्रश्न हमखास माझ्याकडे येतो.

नेटचा यात काही दोष नाही. गेममधली चित्रं, आवाज, नकाशे सुटे नसतात, मोजक्या अवाढव्य फायलींत कोंबलेले असतात. स्टीम, म्हणजे संगणकावरचे गेम विकणारं आणि त्यांचे अपडेट पोचवणारं ॲप, अशा फायलीचे साधारण 1 एमबीचे तुकडे पाडतं आणि बदललेले तेवढेच उतरवून घेतं. इथवर सगळं झटपट. पण 40 जीबीच्या फायलीत मधलेच चार तुकडे बदलले, तरी जुनीच्या शेजारी अख्खी नवी फाईल रचावी लागते. ती पूर्ण झाली की मगच जुनी जाते. 300 एमबीच्या अपडेटला 'डिस्कवर जागा नाही' असा निरोप येतो तो यामुळेच.

मागच्या शनिवारी मित्र हेडफोन लावून माझी वाट पाहत होता. डाउनलोड मिनिटभरात झालं आणि मग हार्ड डिस्कची घरघर सुरू झाली. एकाच डिस्कवरून वाचायचं, तिच्यावरच लिहायचं. डिस्कमधलं वाचणारं-लिहिणारं हेड सारखं इकडून तिकडे. अपडेटची पट्टी 71 टक्क्यांवर अडून बसली. शेवटी तो म्हणाला, "जाऊ दे रे, सकाळी उठायचंय." आठवड्यातून एकदा जमणारी बैठक अशी मोडते, याचा मला खरंच संताप येतो.

कारण हे टाळता येतं. स्टीम चालवणाऱ्या व्हॉल्व्हनंच गेम बनवणाऱ्यांना सांगून ठेवलंय की एका लेव्हलचं सामान एकत्र ठेवा, नवं सामान नव्या फायलीत द्या, जुन्यांचा क्रम हलवू नका. पाळणारे पाळतात. बाकीचे दर वेळी सगळी फाईल नव्यानं बांधतात आणि तिचा भार आपल्या डिस्कवर पडतो.

गेम डीव्हीडीवर यायचे तो जमाना सुखाचा होता असंही नाही. 2020 चा मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर युरोपात 10 डीव्हीडींच्या पेटीत आला होता, त्या एकेक करून घालत बसायच्या!

तुमच्यापुरतं म्हणाल तर गेम एसएसडीवर, म्हणजे फिरते भाग नसलेल्या वेगवान डिस्कवर हलवा आणि त्यातल्या निदान सगळ्यात मोठ्या फायलीएवढी जागा कायम मोकळी ठेवा. मी आता शुक्रवारी रात्रीच अपडेट लावून गेम एकदा उघडून पाहतो, म्हणजे शेडर (ग्राफिक्स कार्डानं चित्र रंगवण्यासाठीचे छोटे प्रोग्राम) तयार होण्याचा वेळही तेव्हाच निघून जातो.