तुम्ही विचारलेत म्हणून : आपल्या सर्कलला नवे महाविद्यालय का नको?

निवृत्त झाल्यापासून मला एकच प्रश्न वारंवार विचारला जातो. "सर, शिकणाऱ्या मुलांची संख्या वाढतेच आहे. मग आपल्या सर्कलला, म्हणजे आसपासच्या या गावांना मिळून, आणखी एक महाविद्यालय निघाले तर काय हरकत आहे?" मराठवाड्यातील एका तालुक्याच्या गावी मी एकतीस वर्षे वनस्पतिशास्त्र शिकवले, त्यामुळे विचारणाऱ्यांत जुने विद्यार्थी असतात, त्यांचे आईवडील असतात, कधी एखादा सरपंच असतो. गेल्या महिन्यात एका जुन्या विद्यार्थ्याने हाच प्रश्न केला, आणि रस्त्यालगतची आपली दोन एकर जमीन त्यासाठी देण्याची तयारीही दाखवली. एवढे मोठे मन असलेल्या माणसाला उभ्याउभ्या उत्तर देणे मला बरे वाटले नाही, म्हणून हे लिहितो आहे.

गरज खरी आहे, हे आधी मान्य करतो. स्वातंत्र्याच्या वेळी देशात सुमारे २० विद्यापीठे आणि ५०० महाविद्यालये होती. उच्च शिक्षणाच्या २०२१-२२च्या केंद्रीय सर्वेक्षणात महाविद्यालयांची संख्या ४५ हजारांच्या पुढे गेली आणि विद्यार्थ्यांची ४ कोटी ३३ लाखांवर. तरीही १८ ते २३ या वयोगटाच्या लोकसंख्येशी पटसंख्येचे प्रमाण तेव्हा २८.४ टक्केच भरले आणि २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने २०३५पर्यंत ते ५० टक्क्यांवर नेण्याचे ठरवले आहे. "एवढ्या पोरांना कशाला शिकवायचे, त्यापेक्षा दर्जा सांभाळा," असे म्हणणारेही मला भेटतात. त्यांची स्वतःची मुले बहुधा शिकून मार्गी लागलेली असतात. त्यांचे म्हणणे मला मुळीच पटत नाही. ज्या घरात पदवीचे प्रमाणपत्र अजून आलेले नाही, त्या घरातल्या मुलाला दाराबाहेर ठेवून राखलेला दर्जा मला नको आहे.

प्रश्न आहे तो वाढ कशाची करायची, हा. नवे महाविद्यालय कागदावर कसे उभे राहते, ते मी जवळून पाहिले आहे. नवी महाविद्यालये कोठे हवीत हे ठरवणाऱ्या विद्यापीठाच्या बृहत् आराखड्यात गावाचे नाव यावे लागते, मग संस्थेचा प्रस्ताव, शासनाचे इरादापत्र म्हणजे प्राथमिक संमती, अंतिम मान्यता आणि संलग्नीकरण, म्हणजे विद्यापीठाशी रीतसर जोडले जाणे. संलग्नीकरणाआधी स्थानीय चौकशी समिती पाहणी करून जाते. अशा एका समितीवर मी होतो. शेतात बांधलेल्या तीन खोल्यांपैकी एक वनस्पतिशास्त्राची प्रयोगशाळा म्हणून आम्हाला दाखवण्यात आली. टेबलावर सूक्ष्मदर्शक होते, कपाटात वाळवून चिकटवलेल्या वनस्पतींचे नमुने होते. मी ते कागद एकेक करून उलटू लागलो. खालच्या कोपऱ्यातील लेबले खरवडून काढलेली होती, आणि धोतऱ्याच्या नमुन्यावर दुसऱ्याच एका महाविद्यालयाचा जांभळा शिक्का तसाच राहून गेला होता. मी अहवालात माझे मत नोंदवले. पुढे त्या महाविद्यालयाला मान्यता मिळाली आणि पहिल्या वर्षी चाळीस मुलांनी तेथे प्रवेश घेतला. त्या चाळीस जणांचा विचार आला की आजही मला अस्वस्थ होते, कारण आपल्या समोरचे नमुने उसने आहेत हे त्यांना कोणी सांगणार नव्हते.

अशी छोटी महाविद्यालये थोडीथोडकी नाहीत. २०१८-१९च्या सर्वेक्षणानुसार देशातील दर सहा महाविद्यालयांमागे साधारण एकात शंभराहूनही कमी विद्यार्थी होते. शंभर मुलांच्या शुल्कावर ग्रंथालय चालत नाही, प्रयोगशाळा चालत नाही आणि पूर्ण पगाराचा प्राध्यापक तर ठेवताच येत नाही. शासनाचे अनुदान मिळेल अशी आशा धरावी, तर नवी महाविद्यालये 'कायम विनाअनुदानित' तत्त्वावर निघतात, आणि त्यातला 'कायम' हा शब्द शब्दशः घ्यायचा असतो. मग उरतात ते तासिका तत्त्वावरचे शिक्षक. त्यांच्याविषयी मला कळकळीने सांगायचे आहे. प्राध्यापकपदाच्या सेट-नेट या पात्रता परीक्षा उत्तीर्ण झालेली, पीएच.डी. केलेली ही मुले तासाच्या हिशेबाने मानधन घेतात, सुट्टीच्या काळात त्यांना काहीही मिळत नाही आणि पुढच्या वर्षी नेमणूक होईल की नाही हे त्यांना ठाऊक नसते. हे जुन्या अनुदानित महाविद्यालयांतही शिरले आहे. मी रुजू झालो तेव्हा आमच्या विभागात आम्ही पाच जण पूर्णवेळ होतो, आणि निवृत्त झालो तेव्हा मी एकटा. जो माणूस एक तास आटोपून दुसऱ्या गावच्या महाविद्यालयाकडे गाडी पळवतो, त्याने मुलांच्या शंकांसाठी थांबावे अशी अपेक्षा कोणत्या तोंडाने करायची?

आता दुसरी गोष्ट, जी मला एका विद्यार्थिनीने शिकवली. ती अठ्ठावीस किलोमीटरवरून एसटीने येत असे. आमचे प्रात्यक्षिक दुपारी दोनला सुरू होऊन पाचला संपे आणि तिच्या गावाची शेवटची गाडी पावणेचारला सुटे. सूर्यफुलाच्या खोडाचा आडवा छेद घ्यायचा, सॅफ्रनिनने रंगवायचा, सूक्ष्मदर्शकाखाली पाहून आकृती काढायची, हे सारे तिला दीड तासात उरकावे लागे. बोटांवरचा लाल रंग धुवायलाही न थांबता ती स्थानकाकडे धावायची, आणि तिच्या वहीतल्या आकृत्या अर्ध्याच राहायच्या. जेवढ्या काढलेल्या असत, तेवढ्या मात्र वर्गात सर्वांत रेखीव असत. दुसऱ्या वर्षी ती यायची थांबली. महाविद्यालय होते, जागा होती, तेव्हा शिकवणारेही होते. तिला रात्री राहायला एक खाट मिळाली नाही, एवढेच.

आपल्याकडच्या जाणत्यांनी हे फार पूर्वी ओळखले होते. कोल्हापुरात राजाराम महाविद्यालय आधीपासून होते. तेथवर बहुजनांची मुले पोहोचावीत म्हणून शाहू महाराजांनी १९०१मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू केले आणि त्यानंतर जातीजातींच्या व धर्मांच्या मुलांसाठी बोर्डिंगे उभी करण्याचा धडाका लावला. कर्मवीर भाऊराव पाटलांनी साताऱ्यात शाहू बोर्डिंग काढले ते १९२४ साली, आणि तेथे महाविद्यालय सुरू केले ते १९४७ साली. आधी पोरांच्या राहण्या-जेवणाची सोय, मग पदवी, असा तो क्रम होता. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५०मध्ये औरंगाबादेत मिलिंद महाविद्यालय स्थापन केले, तेव्हाही त्याच्या नागसेनवन या परिसरात महाविद्यालयाच्या जोडीने वसतिगृहे उभी राहिली, म्हणूनच दूरदूरच्या खेड्यांतील मुले तेथे टिकू शकली. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने १९८९पासून नोकरी-शेती करणाऱ्यांना मोठा आधार दिला आहे, तोही विस्तारच आहे. मात्र अठराव्या वर्षी विज्ञान शिकू पाहणाऱ्या मुलीला प्रयोगशाळेतच यावे लागते.

म्हणून माझे उत्तर असे आहे. आपल्या तालुक्यातल्या जुन्या महाविद्यालयात इमारत आहे, सोळा हजार पुस्तकांचे ग्रंथालय आहे आणि दुपारनंतर रिकामे पडणारे वर्ग आहेत. तेथे दुसरी पाळी सुरू झाली, रिक्त पदे पूर्ण पगारावर भरली गेली आणि मुलींना राहायला जागा मिळाली, तर आज आहेत त्याच्या दीडपट विद्यार्थी तेथे नीट शिकू शकतील. पदांसाठी आपण सर्वांनी मिळून शासनाकडे आग्रह धरू. निवेदनाचा मसुदा मी तयार केला आहे. तुमची जमीन स्थानकापासून चालत दहा मिनिटांवर आहे. ती मुलींच्या वसतिगृहासाठी द्या. रविवारी सकाळी घरी असाल तर मी मोजणीचा नकाशा पाहायला येतो.