माहितीपटातून आत्याचा चेहरा झाकून घेताना : माझा अनुभव

माझी आत्या बीड जिल्ह्यातली ऊसतोड कामगार. २०१९ च्या सरकारी पाहणीत ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली निघाली, आणि गावोगाव कॅमेरे आले. आत्याही बोलली. पिशवी का काढली, उचल (हंगामाआधी घेतलेले आगाऊ पैसे) किती घेतली, खाडा झाला की मुकादम (टोळी नेणारा ठेकेदार) किती कापतो, सगळं नावानिशी. मग "मावशी, इथं सही करा" म्हणत कागद पुढे आला. इंग्रजीत. आत्याला सही येते, इंग्रजी येत नाही.

ट्रेलरमध्ये तिचा चेहरा आणि मुकादमाचं नाव, दोन्ही आलं. "आता मला उचल कोण देईल?" हा तिचा पहिला प्रश्न. पण ती ठाम होती : बोललेलं काढू नका, तोंड झाका, नाव गाळा.

दिग्दर्शकाला ते लगेच पटलं. घोडं अडलं निर्मात्यांच्या ऑफिसात. "सही झालेली आहे." मग प्रत द्या. "तो आमचा अंतर्गत कागद आहे." सही आत्याची, आणि कागद तिलाच दाखवायचा नाही! फोन केला की मॅडम मीटिंगमध्ये, मेल केला की वकिलांकडे पाठवलाय, वकिलांना विचारलं की मॅडमशी बोला. इकडे दसरा जवळ आलेला, मुकादम टोळ्या बांधत फिरत होते. आजही आठवलं की डोकं तापतं.

शेवटी फोन बंद केले. आत्याच्या सहीचं मराठी पत्र, तिला धोका काय ते स्पष्ट लिहून, निर्माते, दिग्दर्शक आणि माहितीपट जिथं लागणार होता तो महोत्सव, तिघांना एकदम पाठवलं. महोत्सवानं विचारणा केली आणि प्रत आली. जगभर, सर्व माध्यमांत, कायमसाठी, असं त्यात होतं. संमती मागे घेण्याबद्दल एक ओळ नाही. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात तर संमतीचा मजकूर मराठीसह २२ भाषांत मागता यावा आणि दिली तितक्याच सहज ती मागे घेता यावी, असं लिहिलंय. तेव्हा मराठी कागद मागा, सही करताच मोबाईलवर फोटो काढा. प्रदर्शनाआधी आपला भाग दाखवतील, हेही त्यातच लिहून घ्या.

मागणी मान्य झाली. पण नुसता चेहरा झाकून भागत नाही. माहितीपटाच्या नव्या कटमध्ये आत्याच्या हातावरचं गोंदण स्पष्ट दिसत होतं, गावात कुणीही ओळखलं असतं. तेही झाकायला लावलं, आवाजही बदलून घेतला.