दांडीचा डोळा आणि ७०१८

ऊसतोडणीच्या हंगामात आमच्या सांगलीकडच्या वर्कशॉपला उसंत नसते. अशात एक ट्रॉलीवाला दांडी उतरवून घेऊन आला. ट्रॅक्टरच्या हुकाची पिन जिथे बसते त्या डोळ्याजवळ तडा गेलेला. तीच जागा काही दिवसांपूर्वी त्याने दुसरीकडे झाळून घेतली होती.

"मिस्त्री, तेवढा एक रन, झाळीचा एक पट्टा, मारा. कारखान्यावर नंबर लावायचाय."

झाळ देखणी होती, माशाच्या खवल्यांसारखी एकसारखी. तडा झाळीत नव्हताच. तिला लागून, डोळ्याच्या लोखंडात होता. मी ग्राइंडर लावून पाहिला. दांडीच्या चॅनेलवर, म्हणजे तिच्या लांब पन्हाळी लोखंडावर, ठिणग्या लांब, सरळ निघाल्या. डोळ्यावर त्याच आखूड झाल्या आणि टोकाला फुटू लागल्या. म्हणजे चॅनेल माइल्ड स्टीलचं, कमी कार्बनच्या साध्या लोखंडाचं, डोळा जास्त कार्बनचा. आणि आधी वापरलेला वेल्डिंग रॉड ६०१३ नंबरचा, हे ट्रॉलीच्या मालकानेच सांगितलं.

ग्रिल-गेटला ६०१३ सारखा रॉड नाही. पटकन पेटतो, साध्या एसी मशीनवर चालतो, झाळीवरची खपली, स्लॅग, सहज सुटते. पण त्याच्या लेपातून हायड्रोजन झाळीत उतरतो. कार्बनचं लोखंड झाळीशेजारी झपाट्याने गार होऊन कडक होतं, हायड्रोजन तिथे शिरतो आणि काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी, ते तडकतं.

"उद्या सकाळी मिळेल," मी सांगितलं. तो चिडला, आणि त्याचं बरोबरच होतं. तोडलेला ऊस फडात वाळतो, वजन घटतं. पण कित्येक टन ऊस त्या डोळ्यावर ओढायचा, रस्त्याला माणसं असतात. तिथे मी घाई करत नाही.

अशा कामाला ७०१८ नंबरचा, झाळीत हायड्रोजन कमी सोडणारा रॉड लागतो. ते रॉड ओव्हनमध्ये ३५० अंशांवर तासभर भाजले. दमट ७०१८ नावापुरताच लो-हायड्रोजन. तडा मुळापर्यंत खरवडला, गॅसने डोळा २०० अंशांपर्यंत तापवला, डीसी मशीनचा होल्डर पॉझिटिव्हला जोडला. ३.१५ मिलिमीटरचा रॉड, ११५ अँपिअर, आणि आर्क इतका आखूड की लेप जवळजवळ टेकावा. ६०१३ ची सवय असलेला हात इथे रॉड मागेपुढे झुलवतो आणि झाळीत भोकं पडतात. मी सरळ, अरुंद रन घेतले. दर रनला स्लॅग ठोकून ब्रश मारला. शेवटी डोळा गरम असतानाच कोरड्या चुन्यात पुरला.

सकाळी तडा राहिला का ते बघायला लाल डाय लावून पुसला, वर पांढरा डेव्हलपर फवारला. कुठेही लाल रेघ उमटली नाही. मालक जायला निघाला तेव्हा मी त्याला मागच्या ट्रॉलीची दांडीही आणायला सांगितलं. तीही त्याच ठिकाणी, त्याच रॉडने झाळलेली होती.