शटर अर्धं वर: कागदी इमारतीची प्रगती

खाली दुकानाचा गाळा, वर राहायची खोली, बाजूने जिना, गच्चीवर पाण्याची टाकी. प्रमाण १:१००, म्हणजे खऱ्या इमारतीतला एक मीटर इथे एक सेंटिमीटर. भिंती उभ्या राहिल्या आणि या आठवड्यात शटर बसलं.

भिंतींना २०० जीएसएमचा (एका चौरस मीटरचं वजन २०० ग्रॅम) कागद घेतला. कापण्याआधी कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून ग्रेन, म्हणजे तंतूंची दिशा, पाहिला. ज्या बाजूने सहज वाकतो, तंतू त्या घडीला समांतर असतात. कोपऱ्यांच्या घड्या उभ्या, म्हणून तंतूही उभे ठेवले. आडव्या ग्रेनवर घडी घातली की कडेला तंतू फाटून लव दिसते, आणि या आकारात ती लगेच डोळ्यांत भरते.

आता शटर. खऱ्या पट्ट्या साधारण साडेसात सेंटिमीटरच्या धरल्या, तर इथे पाऊण मिलिमीटर येतात. तेवढ्या बारीक रेघा रंगाच्या पहिल्याच हातात बुजतात, म्हणून एक मिलिमीटरचं अंतर ठेवलं. प्रमाण थोडं सुटलं, पण नजरेला शटरच दिसतं, आणि माझ्या मते अशा ठिकाणी नजरेचंच ऐकावं. १२० जीएसएमच्या कागदावर, खाली मऊ रबर ठेवून, शाई संपलेल्या बॉलपेनने रेघा दाबल्या. कागद उलटा केला की पट्ट्यांचे उंचवटे वर येतात. राखाडी रंग कोरड्या ब्रशने नुसता वरून फिरवला, म्हणजे तो उंचवट्यांवरच बसतो आणि खाचा गडद राहतात.

शटर पूर्ण बंद ठेवायचं नाही हे सुरुवातीपासून पक्कं होतं. तळाशी दहा मिलिमीटर मोकळे सोडले आहेत. त्या मापाचा माणूस वाकून आत शिरेल एवढी फट. मग आतलंही करणं आलं! दोन सेंटिमीटर खोल खोकं, दोन फळ्या, फळ्यांवर कागदाचे बारीक ठोकळे. आतून काळा रंग न देता गडद तपकिरी दिला. शुद्ध काळ्याने खोली न वाटता नुसतं भोक दिसतं. गाळा चालू आहे, कुणीतरी आत आहे, हे आता न सांगता कळतं, आणि या कामात मला सगळ्यात जास्त आनंद त्याचाच झाला.

जिना सोपा गेला. मजल्याची उंची ३० मिलिमीटर, त्यात १८ पायऱ्या. घड्या एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने दाबून अख्खा जिना एकाच पट्टीतून निघाला. टाकी ड्रिल बिटावर गुंडाळून केली, वळशांसाठी वरून बारीक पट्ट्या चिकटवल्या. कापलेल्या प्रत्येक कडेला भिंतीचाच रंग लावून घ्या. पांढरी कड राहिली की इमारत संपते आणि कागद दिसू लागतो.

राहिले आहेत सांडपाण्याचे पाइप, मीटरचं खोकं आणि खिडकीवर मागाहून बसवलेला पत्र्याचा छज्जा. इमारत वापरातली वाटते ती या मागाहून चिकटलेल्या गोष्टींमुळेच, म्हणून त्यांच्यासाठी वेळ राखून ठेवला आहे. पाइप टिश्यू पेपर सुईवर गुंडाळून करणार आहे. तार वापरली तर काम लवकर होईल, पण अख्खी इमारत कागदाचीच हवी.