आगळात एचसीए किती टक्के?

मे महिना, खळ्यात रातांबे म्हणजे कोकमाची ताजी फळं फोडून आगळ, म्हणजे मिठातला कोकमाचा रस, करायची घाई, आणि पुण्याच्या एका गिऱ्हाईक ताईंचा फोन. "तुमच्या आगळात एचसीए किती टक्के असतं हो?"

माझे हात कोपरापर्यंत लाल, फोन खांदा आणि कानाच्या मध्ये. "मीठ किती ते विचारा, सांगते," म्हटलं. एचसीए म्हणजे हायड्रॉक्सीसायट्रिक आम्ल, ज्याने वजन उतरतं म्हणतात ते. ताईंना कुणीतरी वजन उतरवायला 'कोकमाच्या' कॅप्सूल सुचवल्या होत्या. बाटली आणून झाली होती, पण घ्यायची भीती वाटत होती. त्यापेक्षा आगळच रोज अनशापोटी घेतलं तर चालेल का, असा त्यांचा प्रश्न.

बघून सांगते म्हणून फोन ठेवला खरा, पण मला टोचत होतं ते वेगळंच. पुतण्याने महिन्याभरापूर्वी आमच्या बाटल्यांसाठी पाचशे लेबलं छापून आणली होती. त्यात त्याने इंटरनेटवरून उचललेली एक ओळ होती: 'चरबी वितळवते, वजन घटवते.' मी ती वाचली होती आणि गप्प बसले होते. माल खपला तर कुणाला नको आहे!

रात्री मोबाईलवर 'कोकमाचे फायदे' शोधलं. एका मागून एक पानं, सगळ्यांत तीच दहा वाक्यं. एकाने 'हायड्रोसिट्रीक' असं चुकीचं लिहिलंय तर पुढच्या चौघांनीही तसंच. आणि बहुतेक पानांच्या शेवटी 'आता खरेदी करा'. सासूबाई पलीकडून ऐकत होत्या. म्हणाल्या, "आमी जल्मभर सोलकढी पितंव, बारीक खंय झालंव?"

माझी मुलगी फार्मसीला आहे. ती म्हणाली, "आई, फायदे शोधू नको. त्या बाटलीवर झाडाचं पूर्ण नाव काय लिहिलंय ते बघ, आणि झाडाचा कुठला भाग वापरलाय ते." ताईंकडून बाटलीचा फोटो मागवला. बारीक अक्षरात होतं: गार्सिनिया कंबोजिया, फळाच्या सालीचा अर्क. आमच्याकडे कृषी विद्यापीठाच्या 'कोकण अमृता' जातीची कलमं आहेत, त्यामुळे कोकमाचं शास्त्रीय नाव मला पाठ आहे: गार्सिनिया इंडिका. म्हणजे बाटलीतलं कोकम नव्हेच! ती केरळची कुडमपुळी. फळ पिवळं, छोट्या भोपळ्यासारखं खाचाखाचांचं. धुरावर काळं करून तिकडे माशाच्या कालवणात घालतात. आपल्या रातांब्याची चुलत बहीण म्हणा हवं तर.

नाव हाती आल्यावर शोध एकदम सोपा झाला. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी आरोग्य संस्थेचं एनसीसीआयएच नावाचं केंद्र आहे. त्यांनी एकेका वनस्पतीवर साध्या इंग्रजीत एक पान केलंय: लोक कशासाठी घेतात, अभ्यासात काय दिसलं, धोका काय. शेवटी विकायला काही नाही, हेच मला आधी आवडलं. तिथे कंबोजियाचं पान मिळालं, कोकमाचं मात्र सापडलं नाही. औषधांनी यकृताला होणाऱ्या इजांची माहिती देणाऱ्या, त्याच संस्थेच्या 'लिव्हरटॉक्स'मध्ये कंबोजियाच्या गोळ्या घेणाऱ्यांच्या यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. मुलीने 1998 चा एक अभ्यासही काढून दाखवला. 135 माणसं, 12 आठवडे. निम्म्यांना दिवसाला 1500 मिलिग्रॅम एचसीए. बाकीच्यांना तशाच दिसणाऱ्या पोकळ, म्हणजे एचसीए नसलेल्या गोळ्या. आहार दोघांचा सारखाच, मोजूनमापून. एचसीएवाल्यांचं वजन सरासरी 3.2 किलो उतरलं आणि पोकळ गोळीवाल्यांचं 4.1. एवढा फरक योगायोगानेही पडू शकतो, असं मुलीने दोनदा समजावलं. तरी मी हसायची थांबेना.

एचसीए कोकमाच्या सालीतही असतं, ते खोटं नाही. पण एकाच्या अर्काचा अभ्यास दुसऱ्याच्या बाटलीवर कसा चिकटवायचा?

मग आमच्या ओळखीच्या वैद्यांकडे गेले. त्यांच्या ग्रंथांत कोकम 'वृक्षाम्ल' म्हणून येतं. "अजीर्णाला दे, अंगावर पित्त उठलं तर आमसुलाचं पाणी लाव," ते म्हणाले, "टक्केवारी मला विचारू नको." आणि जाता जाता हळूच, "गिऱ्हाईक रक्तदाबाचं औषध घेतं का, ते विचारलंस?"

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आगळ टिकतं ते मिठावर, ते मीठ मीच माझ्या हाताने घालते, आणि मी एचसीएच्या मागे लागले होते! ताईंना फोन केला. रक्तदाबाची गोळी चालू होती, सहा वर्षं. रोज अनशापोटी आगळ घेऊ नका, म्हटलं. कॅप्सूलची बाटली घेऊन डॉक्टरांकडे जा, आणि बाटलीवर दुसरं काय लिहिलंय तेही वाचा. त्यांनी वाचून दाखवलं: 'नॉट फॉर मेडिसिनल युज.' एफएसएसएआयचा, म्हणजे अन्नपदार्थांवर देखरेख करणाऱ्या सरकारी संस्थेचा, 14 आकडी नंबरही होता. त्या म्हणाल्या, "म्हणजे सरकारने पास केलंय ना?" मलाही आधी तसंच वाटायचं. पण तो नंबर आमच्या बाटलीवरही आहे. अन्नपदार्थ करून विकायची परवानगी आहे, एवढंच तो सांगतो. गोळी लागू पडते की नाही, ते नाही. आयुर्वेदिक औषधाचा उत्पादन परवाना वेगळा असतो आणि तसं लेबलवर लिहिलेलं असतं.

ताईंनी आगळाच्या दोन बाटल्या घेतल्या, सोलकढीसाठी. चार घेतील असं वाटलं होतं.

पुतण्या आधी फुगला, मग म्हणाला पुढच्या वेळी ओळ काढू. मी म्हटलं, पुढच्या वेळी कशाला? ओळ अगदी तळाला आहे आणि आमचा एफएसएसएआयचा नंबर तिच्या बोटभर वर, त्यामुळे कात्री जपून चालवावी लागते. दोनशे लेबलं कापून झाली आहेत, सासूबाई मोजतायत.