पश्चिमेची खिडकी, दुपारचे चार आणि काचेवरची फिल्म

काचेवर ऊन अडवणारी फिल्म बसवणारा घरी आला की सरसकट सगळ्या खिडक्यांचं माप घेतो. घेऊ द्या. ऑर्डर देताना मात्र दक्षिणेच्या खिडक्या वगळा. पुणे-मुंबईत मेच्या मध्यावर आणि नागपुरात मेअखेरीस शून्य सावली दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलैतल्या दुसऱ्या शून्य सावली दिवसापर्यंत तो माध्यान्हीला उत्तरेकडेच कललेला असतो. ऐन उन्हाळ्यात दक्षिणेच्या काचेवर थेट ऊन फारसं पडतच नाही, आणि जे पडतं ते दीड फुटाचा छज्जा अडवतो. घर तापवते ती पश्चिमेची खिडकी. तीन वाजून गेले की सूर्य खाली उतरतो, ऊन समोरून आत शिरतं आणि छज्जा असून नसल्यासारखा होतो. पूर्वेच्या खिडकीवरही सकाळी तसंच ऊन येतं, पण तोवर घर रात्रभर निवलेलं असतं, म्हणून ते खपून जातं.

आता फिल्मने नेमकं काय हाती लागतं ते पाहू. पाच बाय चार फुटांच्या खिडकीत फ्रेम सोडून साधारण दीड चौरस मीटर काच असते. चारच्या सुमारास कडक उन्हात तिच्यावर दर चौरस मीटरला ढोबळमानाने 600 वॅट पडतात. साधी काच त्यातले 80 टक्क्यांहून जास्त आत सोडते, म्हणजे खोलीत 700 वॅटचा हीटर लावल्यासारखं. चांगली फिल्म हा आकडा 350-400 वॅटवर आणते. एक टनाचा एसी 3,500 वॅट उष्णता बाहेर काढतो; त्याच्या दहाव्या हिश्शाएवढं ओझं एका खिडकीमागे कमी झालं. खिडकीजवळच्या पलंगावर बसणाऱ्याला हा फरक लगेच जाणवतो. पण घर सगळ्यात वरच्या मजल्यावर असेल आणि स्लॅबची झळ रात्री अकराला अंगावर येत असेल, तर फिल्म काही करू शकत नाही. तिथे आधी गच्चीला पांढरा थर द्यावा.

दुकानात एक खोका ठेवलेला असतो. आत लाल दिवा, पुढे काच, काचेला फिल्म. हात धरा म्हणतात आणि झळ खरंच लागत नाही. यात फसवणूक नाही, पण अर्धसत्य आहे. त्या दिव्याची जवळजवळ सगळी ऊर्जा अवरक्त (आयआर), म्हणजे डोळ्यांना न दिसणारी, असते आणि फिल्म नेमकी तीच अडवते. उन्हाचं तसं नाही. उन्हातली साधारण निम्मीच ऊर्जा अवरक्त असते, 44 टक्क्यांच्या आसपास दिसणाऱ्या प्रकाशात असते आणि उरलेली थोडी अतिनील. त्यामुळे ‘आयआर 95 टक्के’ हा आकडा बाजूला ठेवा आणि टीएसईआर विचारा, म्हणजे एकूण सौर ऊर्जेपैकी किती बाहेर राहते ते. मग व्हीएलटी विचारा, म्हणजे उजेड किती येतो ते. दोन्ही आकडे एकमेकांशी ताडून बघता येतात. 70 टक्के उजेड आत सोडणाऱ्या फिल्ममधून नुसत्या उजेडाबरोबरच सुमारे 31 टक्के ऊर्जा आत येणार. बाकी सगळं अडवलं तरी टीएसईआर 69 च्या वर जात नाही, प्रत्यक्षात 50 च्या आसपास राहतो. ‘काचेसारखी स्वच्छ आणि 90 टक्के उष्णता बंद’ असं कुणी म्हणालं, तर दुकान बदला.

पश्चिमेच्या खिडकीला व्हीएलटी 30-35 आणि टीएसईआर 55-60 हा मेळ बरा पडतो. नुसत्या रंगाच्या स्वस्त फिल्म काही वर्षांत जांभळ्या पडतात. आरशासारखी चंदेरी फिल्म कमी पैशांत सगळ्यात जास्त ऊन परतवते. पण रात्री घरात दिवा लागला की बाहेरच्यांना आतलं दिसतं आणि तुम्हाला काचेत तुमचंच तोंड. शिवाय इमारतीचं बाहेरचं रूप बदलतं, म्हणून सोसायटीला आधी विचारलेलं बरं. (काळ्या फिल्मवरची 2012 ची सुप्रीम कोर्टाची बंदी गाड्यांच्या काचांसाठी आहे, घराच्या नाही. हा प्रश्न हटकून येतो.)

काच तडकण्याची भीती अगदीच खोटी नाही. फिल्म ऊन शोषते, काचेचा मधला भाग तापतो, फ्रेममध्ये दडलेली कड गारच राहते, आणि त्या ताणाने कडेवरच्या टवक्यापासून तडा निघतो. आत तारेची जाळी असलेली, लॅमिनेटेड (दोन थर चिकटवलेली) किंवा आधीच रंगीत असलेली काच असेल, तर शोषणारी गडद फिल्म आतून लावू नका. कोपऱ्यात टफन्डचा, म्हणजे तापवून मजबूत केलेल्या काचेचा, शिक्का असेल तर निर्धास्त राहा.

फिल्म स्वतःही लावता येते. रोल बहुधा पाच फूट रुंद असतो. पाच फुटी स्लायडिंगच्या दोन्ही शटरच्या काचा त्यात शेजारी शेजारी बसतात, त्यामुळे चारही बाजूंना इंचभर जास्त धरूनही सव्वाचार फूट लांबी पुरते. लावायची ती आतल्या बाजूने. पंखा बंद ठेवा. लिटरभर पाण्यात बेबी शाम्पूचे चार-पाच थेंब टाका, पण बोअरचं पाणी घेऊ नका, फिल्मखाली क्षारांचे ठिपके राहतात. काच नव्या ब्लेडने खरवडा आणि रबराच्या खाचेतली धूळ वेगळी पुसून काढा, कारण फिल्मखाली सापडणारे कण बहुतेक तिथूनच येतात. पाठचं पारदर्शक आवरण सुटत नसेल, तर कोपऱ्याला दोन्ही बाजूंनी चिकटपट्टी लावून ओढा. गोंदाची बाजू उघडेल तसतशी भिजवत जा. कोरडी राहिली की ती स्वतःलाच चिकटते आणि तो तुकडा वाया जातो. काचही भिजवा, फिल्म सरकवून जागेवर आणा, मग वरून पुन्हा पाणी मारून स्क्वीजी (रबरी पात्याची पट्टी) मधून कडेकडे ओढा. कापताना रबरापासून मिलिमीटर-दीड मिलिमीटर फट सोडा. फिल्म रबरावर चढली तर कड उचलते आणि निघालेलं पाणी परत आत जातं.

त्यानंतर दिसणारे धुकट डाग पाण्याचे असतात. ते महिनाभरात ऊन लागून जातात, सुई टोचू नका. तोवर काच पुसायची नाही, आणि नंतरही अमोनिया असलेला क्लीनर वापरायचा नाही. पावसाळ्यात हेच वाळणं लांबतं, म्हणून काम फेब्रुवारी-मार्चमध्येच उरकावं. आणि दुपारी तीन ते सहा खिडकी बंद ठेवा: स्लायडिंग अर्धं उघडं असलं की त्या अर्ध्या भागात फिल्म नसतेच, आणि एकामागे एक सरकलेल्या दोन काचांमधली हवा विनाकारण तापते.