वारा समोरून आला तरी होडी पुढे जाते

सेलिंग म्हटलं की बऱ्याच जणांच्या डोळ्यासमोर एकच चित्र येतं, मागून वारा सुटलाय, शीड फुगलंय आणि होडी निघाली वाऱ्याबरोबर. तसं होतंच, पण खरं सांगू का, मला त्यात सगळ्यात कमी मजा येते. होडी वाऱ्याबरोबरच चाललेली असल्यामुळे अंगाला वारा लागतच नाही, एप्रिलमध्ये तर नुसतं उकडतं, आणि वर बूम, म्हणजे शिडाच्या खालचा आडवा दांडा, फाडकन या बाजूचा त्या बाजूला येऊ नये म्हणून सतत लक्ष ठेवावं लागतं. खरी मजा कधी, तर वारा ज्या दिशेने येतोय तिकडेच आपल्याला जायचं असतं तेव्हा.

सरळ वाऱ्याच्या तोंडावर कुठलीच शिडाची होडी जात नाही. होडीचं नाक वाऱ्यापासून साधारण 45 अंश बाजूला ठेवायचं, शीड आत ओढून घ्यायचं आणि तिरकं जायचं, मग वळून दुसऱ्या बाजूला तेवढंच तिरकं, असं नागमोडी करत करत वर चढायचं. हे होतं कसं, तर शीड ओढून धरलं की त्याला विमानाच्या पंखासारखा बाक येतो, दोन्ही बाजूंनी वारा वाहतो आणि दाबातल्या फरकामुळे होडी ओढली जाते, बरीचशी आडवी आणि थोडीशी पुढे. आता आडवी का सरकत नाही, कारण खाली पाण्यात सेंटरबोर्ड नावाची उभी फळी असते, ती आडवं सरकू देत नाही. सीताफळाची ओली बी दोन बोटांत दाबली की कशी सटकन पुढे उडते, तसं वारा आणि पाणी मिळून होडीला पुढे काढतात. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा कितीतरी दिवस मी दिसेल त्याला हेच सांगत होते.

आणि टॅक मारायचा, म्हणजे वाऱ्यातून वळून दुसऱ्या बाजूला जायचं, तो क्षण! सुकाणूचा दांडा शिडाकडे ढकलायचा, नाक वाऱ्यातून फिरतं, शीड क्षणभर फडफडतं, तुम्ही वाकून बूमखालून पलीकडच्या काठावर जाऊन बसता, हातातला दोर आणि दांडा अदलाबदल, आणि शीड भरलं की होडी एकदम कलते, मग पाय पट्ट्यात अडकवून पाठ पाण्यावर झोकून द्यायची. वारा दिसतो बरं का. जोराची झुळूक येते तिथलं पाणी काळपट होतं, तो काळा डाग आपल्याकडे सरकत येताना दिसतो आणि तो पोचायच्या आत तुम्ही तयार असायला हवं. मोबाईल, ऑफिस, घरचं काही काही आठवत नाही त्या वेळात.

मुंबईचा हार्बर यासाठी फार छान जागा आहे असं माझं ठाम मत आहे. सकाळी मतलई वारा, जमिनीकडून येणारा, हलका, नवशिक्यांना बरा. मग मध्ये तासभर सगळं थंड पडतं, पाणी आरशासारखं, आणि जमीन तापली की दुपारी समुद्रावरून खारा वारा सुरू होतो, उन्हाळ्यात तर बहुतेक वायव्येकडून आणि चांगला दमदार. गेटवेजवळ किनाऱ्यावरच्या इमारतींमुळे तो तुटक तुटक येतो, जरा बाहेर गेलं की एकसारखा. त्यात भरती-ओहोटीचा ओढ, उधाणाच्या दिवसांत वारा मंदावला तर शीड भरलेलं असूनही होडी किनाऱ्याच्या हिशेबाने मागे जाते, म्हणून भरतीचं कोष्टक बघितल्याशिवाय कोणी निघत नाही. कोळीवाड्यातल्या लोकांना हे सगळं पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे, इंजिनं येण्याआधी त्यांची सगळी मासेमारी याच वाऱ्यांच्या वेळा धरून चालायची, मतलईवर बाहेर जायचं आणि खाऱ्यावर घरी यायचं.

म्हणून हा साहेबांचा खेळ, आपला नाही, असं कोणी म्हटलं की मला खरंच वाईट वाटतं. अलिबागजवळच्या थळसमोर खांदेरी आहे ना, तिथे 1679 साली महाराजांनी किल्ला बांधायला घेतला आणि इंग्रजांनी ते अडवायला जहाजं आणली, पण त्यांच्या मोठ्या जहाजांना आपल्या छोट्या, उथळ तळाच्या, शीड आणि वल्ही दोन्हींवर चालणाऱ्या होड्या आवरल्याच नाहीत, रात्री अंधारात सामान बेटावर पोचत राहिलं. वारा पडला की मोठं जहाज जागच्या जागी, आणि आपली माणसं वल्ही मारत निघून जायची.

आणि इतकं मागे कशाला जायचं. फलटणजवळच्या विंचुर्णीला राहत असलेले दिवंगत व्हाइस अ‍ॅडमिरल मनोहर आवटी, त्यांच्या डोक्यात वर्षानुवर्षं होतं की एका भारतीयाने एकट्याने शिडाच्या होडीतून पृथ्वीप्रदक्षिणा करावी. ती होडी, 56 फुटांची 'म्हादेई', गोव्यात दिवाडी बेटावर रत्नाकर दांडेकरांनी बांधली, आणि नौदलाचे कमांडर दिलीप दोंदे ऑगस्ट 2009 मध्ये मुंबईहून निघाले ते फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅनली, केप टाउन अशा चारच ठिकाणी थांबून मे 2010 मध्ये परत आले. असं करणारे पहिले भारतीय! मार्ग पूर्वेकडे का, तर दक्षिणेत 40 अक्षांशाच्या खाली पश्चिमेचे वारे वर्षभर घोंघावत असतात, त्यांच्यावर स्वार होऊनच दक्षिण अमेरिकेच्या टोकाला, केप हॉर्नला, वळसा घालायचा. (म्हणजे खोल समुद्रात मागून येणारा वारा मला वाटतो तसा कंटाळवाणा नसतो, तिथे डोंगराएवढ्या लाटाही मागूनच येतात.) मग त्याच म्हादेईवर अभिलाष टॉमी 1 नोव्हेंबर 2012 ला निघाले आणि कुठेही न थांबता पाच महिन्यांनी मुंबईत आले. दांडेकरांनीच नंतर 'तारिणी' बांधली, त्यावर 2017-18 मध्ये नौदलाच्या सहा जणी जग फिरून आल्या. दोंदे, दांडेकर, आवटी ही नावं आपल्या शाळेतल्या मुलांना माहीत असायला हवीत, अगदी क्रिकेटर्सइतकी.

आता भोपाळचं बघा. समुद्र शेकडो किलोमीटर लांब, पण तिथल्या मोठ्या तलावावर शासनाने सेलिंगची शाळा काढली आणि तिथून देवासजवळच्या शेतकऱ्याची मुलगी नेहा ठाकूर 2023 च्या हांगझोऊ एशियाडमध्ये आयएलसीए-4 या एकट्याने चालवायच्या छोट्या होडीच्या शर्यतीत रौप्यपदक घेऊन आली. एवढा मोठा किनारा असलेल्या आपल्या राज्यात रत्नागिरी, मालवण, मुरूड इथल्या मुलांना अशी शाळा का नको? पाणी आहे, वारा आहे, पोहता येणारी मुलं आहेत, हव्यात फक्त होड्या आणि शिकवणारे.

मुलांसाठी ऑप्टिमिस्ट नावाची होडी असते, 2.3 मीटर लांब, एकच शीड, रिकामी होडी साधारण 35 किलो, 15 वर्षांपर्यंतची मुलं त्यात एकटी जातात. हो, एकटी. माझी भाची घरात कशाचाच निर्णय घ्यायची नाही, आता पाण्यावर कुठल्या बाजूला टॅक मारायचा हे तीच ठरवते कारण विचारायला शेजारी कोणी नसतंच. मोठ्यांनी दोघांच्या डिंगीवर, म्हणजे छोट्या उघड्या होडीवर, सुरुवात करा, पोहता येत असेल तर उत्तम, आणि कितीही चांगलं पोहत असाल तरी लाइफ जॅकेट घालायचंच. पावसाळ्यात होड्या वर काढलेल्या असतात, ऑक्टोबरमध्ये परत पाण्यात उतरतात, सुरुवातीला वारा हलका असतो म्हणून शिकायला दिवाळीची सुट्टी सगळ्यात बरी. जिथे शिकाल तिथे आधी एवढंच विचारा की सोबत सेफ्टी बोट असते का आणि पहिल्याच दिवशी होडी उलटवून परत सरळ करायला शिकवतात का. शिकवत असतील तर बिनधास्त नाव नोंदवा.